तीन ठोके उशिरा

साहेब ढिगाशी उभा राहिला,
मूठभर कापूस उचलला, माझ्याकडे बघून काही बोलला.
मॅनेजर हसले.
मग कॅशिअर भोयर हसले, मॅनेजरांकडे बघून.
मग मी.
तेवढ्यात मध्ये
जिनचे तीन ठोके पडून गेले होते.

वडनेरच्या या जिनिंगात बावीस वर्षं
मी डोळे मिटून सांगतो
धागा किती मिलिमीटर, ओल किती,
कुणी वरून सुका दाखवून आत पाणी मारून आणलाय.
बोटांना कळतं.
कानांत मात्र इंग्रजी अजून
सरकीसकट येतं.

उमाटे सरांच्या शिकवणीला जातो, मंगळवारी न् शुक्रवारी,
नववीच्या पोरांमागच्या बाकावर.
पॅसिव्ह व्हॉइस जमतो आता.
कापूस वेचला जातो. कापूस विकला जातो.
कुणाकडून, ते नाही लिहिलं तरी चालतं, सर म्हणतात.
पण हसायचं कधी
हे व्याकरणात कुठेच नाही.

मीच आधी म्हणालो होतो, सर, माय इंग्लिश इज वीक.
तर तो म्हणाला, "मिस्टर धोटे, यू विल कॉटन ऑन."
एवढंच.
शब्द सगळे ओळखीचे. कॉटन तर माझ्या खिशात,
नाकात, भुवयांत.
ऑन म्हणजे वर. दिवा लागतो तोही ऑन.
मग कापसावर काय?
कापूस चालू?
वरणभात कालवताना तेच, हात धुताना तेच.

रात्री अडीचला उठून डिक्शनरी काढली.
सी, मग सीओ, मग दोन टी,
आणि पार खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
कॉटन ऑन, म्हणजे उमगणे.
हळूहळू ध्यानात येणे.

असा हसलो
की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

कुंदा जागी झाली.
"काहून हासून राह्यले जी एवढ्या राती?"
सांगितलं. नीट, फोड करून.
कापूस इकडे केला, अर्थ तिकडे केला,
सांगून झालं तेव्हा
हातात नुसती सरकी.
महाग ढेपेकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत राहिली.
"याच्यात हासाचं काय हाय?"
मग कूस बदलता बदलता,
"त्याले सांगजा, गाठी कितीबी बांध,
गाठ माह्याशी हाय."

प्रेसवर असते ती, गाठींवर नंबर टाकते.
खोटं नाही. तिनं मान हलवल्याशिवाय
आमच्या फाटकातून ट्रक निघत नाही.

सकाळी सांगायला गेलो साहेबाला.
गाठ म्हणजे बेल, सर.
गाठ म्हणजे नॉट, दोरीची.
गाठ म्हणजे मीटिंगसुद्धा, पण साधी नाही,
म्हणजे धमकी,
म्हणजे तशी धमकीपण नाही, शी इज माय वाइफ...
बोलता बोलता माझं इंग्रजी
पट्टी तुटलेल्या गाठीसारखं फुगलं
आणि अंगणभर झालं.

साहेबाच्या भुवया वर. तोंड आधीच
हसायच्या बेतात, नुसतं सिग्नलसाठी थांबलेलं.
डोळे मॅनेजरांकडे गेले.
मॅनेजर हसले.
मग साहेब.
मी मोजले. तीन.

ते हसू मी ओळखलं.
माझंच होतं, कालच वापरलेलं.

त्यानं खिशातून वही काढली,
गाठ कसं लिहायचं विचारलं.
ठ साठी किती एच लावायचे
यावर आम्ही दोघं बराच वेळ अडलो.
भोयर चहा घेऊन आला तो निवला.

कुंदानं प्रेसवरूनच विचारलं,
"समजलं का त्याले?"

"समजन," म्हटलं.
"राती अडीचले."